बोक्याचं दुखणं आणि माझा पाय

बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, तेव्हा घरात मी आणि बोका असे दोघेच उरलो. बोका मुलीचा. लग्नानंतर तिच्या सासरी मांजर चालणार नव्हतं, म्हणून तो आमच्याकडे राहिला. तिनं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. मी त्याला बोक्या म्हणायचो. तो दोन्ही नावांना ओ देत नसे.

माझं लहानपण कळवणजवळच्या खेड्यात गेलं. मळ्यात कायम दोन-तीन कुत्री असायची. कुत्र्याची शेपटी हलली की तो खूश, कान पाडले की काहीतरी चुकलंय, एवढं मला कळायचं आणि तेच मी बोक्याला लावायचो. शेजारी पडल्या पडल्या तो शेपटीचं टोक आपटायला लागला की मला वाटे, स्वारी मजेत आहे. मी आणखी कुरवाळायचो आणि तो चावायचा. पाठीवर लोळून पोट दाखवलं की मी पोटाला हात घालायचो आणि मनगटावर चार ओरखडे घेऊन उठायचो.

मुलगी फोनवर हसायची. "बाबा, तो कुत्रा नाहीये. शेपटी आपटतोय म्हणजे आता पुरे म्हणतोय. पोट दाखवलं म्हणजे तुमच्यावर विश्वास आहे. हात लावा असं नाही म्हणत तो."

बायको गेल्यावर दहाव्या दिवशी मी बाल्कनीला जाळी बांधायला घेतली. कबुतरांच्या मागे बोक्या कठड्यावर चढायचा, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. शेवटची गाठ मारली आणि उतरताना स्टूल सरकलं. घोट्याजवळचं हाड मोडलं. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारा मित्र मी फोन केल्यावर धावत आला. त्यानं दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं, आणि दोन माणसांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने वर चढवलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चार दिवसांनी मित्र मुलाकडे इंदूरला गेला.

बायकोला मी सांगितलं, पाय जरा मुरगळलाय. मुलीचा रक्तदाब वाढत होता, तिला पडून राहायला सांगितलं होतं. हाड मोडलं म्हटलं असतं तर बायको मिळेल त्या गाडीनं परत आली असती, आणि तिकडे मुलगी एकटी पडली असती. मग रोजच्या व्हिडिओ कॉलवर मी फोन छातीच्या वर धरायला शिकलो. मागे वॉकर दिसू नये म्हणून भिंतीला पाठ लावून बसायचो. एकदा खोटं सांगितल्यावर मदतही मागता येईना. नातेवाइकांपैकी कुणाला बोलवलं असतं तर संध्याकाळच्या आत पुण्याला कळलं असतं.

स्वयंपाकाच्या बाई सकाळी यायच्या, दोन्ही वेळचं करून, बोक्याचा शी-शूचा मातीचा ट्रे साफ करून दहाला जायच्या. मग दुसऱ्या सकाळपर्यंत दार वाजत नसे. पलंग, संडास, बाल्कनीतली खुर्ची. समोरचा रस्ता खणून ठेवलेला होता, त्याच्या धुळीत दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचता येत नव्हत्या. मीच बांधलेल्या जाळीतून मी आणि बोक्या बाहेर बघत बसायचो. पहिल्या आठवड्यात मी पेपर पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्या आठवड्यात वाचायचाच सोडला. कधी कधी जिन्यात कुणाची पावलं वाजली की मी उगाच सावरून बसे. पावलं खालीच थांबत.

बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी बोक्याला बघायला लागलो. शेपटी सरळ उभी आणि टोकाला आकड्यासारखी वाकलेली असली, की तो बरा असे. कुकरची शिट्टी झाली की कान आडवे पडत. माझ्याकडे बघून तो डोळे हळूच मिटायचा आणि उघडायचा. मीही तसंच करून पाहिलं, तर येऊन गुडघ्याला डोकं घासून गेला. त्या दिवशी मला एवढा आनंद झाला की मी तो बायकोला सांगितला. ती म्हणाली, "तुम्हाला फारच रिकामा वेळ मिळतोय वाटतं."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाई म्हणाल्या, "काका, आज ट्रेमधी लय थोडं हाय."

मी म्हटलं, "उन्हाळा आहे. पाणी कमी पीत असेल."

दुसऱ्या सकाळी त्यांनी सांगितलं, ट्रे कोरडाच आहे. तेही मी कानाआड केलं. मला दिसत होतं की तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, माती उकरतोय आणि तसाच बाहेर येतोय. पोट साफ होत नसेल म्हणून मी त्याला चमचाभर तूप चाटवायला गेलो. त्यानं तोंड फिरवलं. दुपारी तो मोरीच्या गार फरशीवर पाठ कमानीसारखी करून, मान आत घेऊन बसला. मी वॉकर टेकत टेकत गेलो, कसाबसा वाकून त्याला उचललं आणि पलंगावर घेतलं. त्यानं अंग चोरलं, पण घुरघुरायला लागला. चांगला मोठ्यानं. माझा जीव भांड्यात पडला. घुरघुरतोय म्हणजे बरा आहे.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मी म्हटलं, "आज स्वारी खुशीत आहे. ऐक, घुरघुर ऐक."

ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "बाबा, डोळे कसे आहेत त्याचे?"

"अर्धे मिटलेत."

"बसलाय कसा? जेवलाय का? ट्रेमध्ये काय आहे?"

मी सांगत गेलो तसा तिचा आवाज बदलत गेला. "कॅमेरा फिरवा. मला तो पूर्ण दिसायला हवा."

मी काहीही विचार न करता फोन फिरवला. पलंगावर बोक्या होता, आणि त्याच्या शेजारी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलेला माझा पाय.

मुलीच्या मागून बायको म्हणाली, "अहो, हा पाय कुणाचा?"

मुलगीच मध्ये बोलली. "आई, ते नंतर. बाबा, नीट ऐका. दुखत असलं तरी मांजरं घुरघुरतात. त्याची लघवी अडलीय. बोक्यांना होतं असं. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्यायला हवं, उद्यापर्यंत तो राहणार नाही."

आमच्या खालच्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात. वर्षभरापूर्वी बोक्याच्या ट्रेमधली माती उडून त्यांनी वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली होती. त्या बोलायला आल्या, मीही आवाज चढवला, आणि तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो की दोघंही मोबाइल काढायचो. बायको म्हणाली, "मी लावते त्यांना फोन." मी म्हटलं, "नको. मी बघतो." त्या परिस्थितीतही मी असं म्हणालो, याची मला आजही लाज वाटते.

बोक्याला मी झाकण असलेल्या भाजीच्या टोपलीत घातलं. त्यानं जराही विरोध केला नाही, आणि ते पाहून मी जास्त घाबरलो. दार उघडून मी वरच्या पायरीवर बसलो. टोपली मांडीवर, प्लास्टरचा पाय पुढे. हातांवर भार देऊन एकेक पायरी खाली सरकायला लागलो. आठ-नऊ पायऱ्या उतरलो असेन. मग वळणावर प्लास्टर कठड्याच्या गजात अडकलं. पुढे सरकता येईना, पाय ओढावा तर डोळ्यांपुढे अंधारी यायची. टोपलीतून घुरघुर ऐकू येत होती. मी तिथे किती वेळ बसून होतो सांगता येणार नाही. एकदा हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांदा मात्र ओरडलो, "कुणी आहे का?"

खालचं दार उघडलं. शिक्षिका बाहेर आल्या, वर बघत राहिल्या.

"काका, हे काय? कधी झालं?"

"वीस दिवस झाले. ते राहू द्या. हा मरतोय."

त्यांनी आधी माझा पाय गजातून सोडवला, मग टोपलीचं झाकण उचलून पाहिलं. "रस्ता खणलाय, रिक्षा गेटपर्यंत येणार नाही. तुम्ही इथेच बसा. मी नेते ह्याला गाडीवरून." एवढं बोलून त्या चपला घालून निघाल्यासुद्धा. मी पायरीवर बसून त्यांच्या स्कूटरचा आवाज लांब जाताना ऐकला.

तासाभरानं त्यांचा फोन आला. जनावरांच्या डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली होती. तीन-चार दिवस ठेवावं लागेल, पण वाचेल. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर विचारत होते, दोन दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी सांगितलं, घरी पेशंट आहेत."

तोवर त्यांच्या नवऱ्यानं आणि समोरच्या दुकानदारानं मला उचलून घरात नेलं होतं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली आणि रडली. परत येऊ का, हे तिनं विचारलं नाही, कारण येणं शक्यच नव्हतं. घराची एक किल्ली शिक्षिकांकडे गेली. त्या शाळेतून आल्या की वर येत, काही हवं का विचारत आणि खुर्चीवर न बसता निघून जात. कुरडयांचा विषय दोघांनीही काढला नाही.

बोक्या परत आला तो अंगाला औषधाचा वास घेऊन. दिवसभर पलंगाखाली बसून राहिला. मी त्याला ओढून काढलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी घरातच काढले. नात झाली, तिचं बारसंही मी फोनवरच पाहिलं. प्लास्टर निघालं तरी घोट्याची सूज उतरेना. बायको दोन महिन्यांनी नाशिकला घरी परत आली. पिशव्या दारात ठेवून ती उभी राहिली आणि मी स्वयंपाकघरातून तिच्यासाठी पाणी आणताना बघत राहिली.

"दुखतंय अजून," ती म्हणाली.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"हो," मी म्हटलं. "जिना उतरताना फार दुखतं."

तिनं पाण्याचा पेला माझ्या हातातून घेतला आणि मला खुर्चीवर बसायला लावलं.