शनिवारचा शेजारी

आमच्या समोरच्या घराच्या मालकाइतका घरकोंबडा माणूस उभ्या अमेरिकेत सापडायचा नाही. फक्त तो समोरच्या घरात राहत नाही. नेपरव्हिलमध्ये हे चार बेडरूमचं घर घेऊन त्याला सहा वर्षं झाली. वय चौतीस, घराणं जॉर्डनमधलं अरब, नोकरी उत्तम आणि मुक्काम दोन मैलांवर आईवडिलांकडे, कारण लग्न झालेलं नाही. लग्नाआधी आईवडिलांचं घर सोडायचं नसतं, हे तो सिग्नलचा नियम सांगावा इतक्या सहज सांगतो. दर शनिवारी दहाला येतो, गवत कापतो, एकेक नळ पाच-पाच मिनिटं सोडतो ("नाहीतर पाइपांना कळतं, घरात कोणी नाही"), प्लॅस्टिक न काढलेल्या सोफ्यावर जरा टेकतो आणि 'निघालो' असा आईला फोन करून जेवायला घरी जातो. एकदा तो आत असतानाच बर्फाचं वादळ आलं. माझी बायको म्हणाली, "अरे, आज राहा की इथेच. युवर ओन हाऊस!" "नो आंटी, लोकांना वाटेल मी घर सोडलं," असं म्हणून बर्फाचं फावडं काठीसारखं टेकत पठ्ठ्या दोन मैल चालत गेला.

गेल्या सप्टेंबरात आमच्या पंचवीस वर्षांच्या मुलाने पंधरा मिनिटांवर अपार्टमेंट घेतलं. "बाबा, इट्स जस्ट फिफ्टीन मिनिट्स," म्हणाला. सामानाचा ट्रक निघताना समोरच्याने पाहिला आणि तासाभरात सूट घालून, आईला बरोबर घेऊन, बकलाव्याचं भलंमोठं ताट घेऊन तो दारात हजर. "मबरूक, अम्मो! अभिनंदन! पण लग्नाला बोलावलं नाही?" अम्मो म्हणजे काका, म्हणजे मी. त्याची आई तर बायकोला मिठी मारून सुनेचं नाव विचारू लागली. लग्नबिग्न काही नाही, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना बायकोला रडू फुटलं. आठवडाभर तीच सगळ्यांना कौतुकाने 'मुलगा इंडिपेंडंट झाला' म्हणून सांगत होती. तो ताट धरून तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मग तो जेवतो कोणाबरोबर?" जाताना त्याने मला बाजूला घेतलं. "अम्मो, इथल्या त्याच्या बाथरूमचा नळ आठवड्यातून एकदा सोडत जा."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता शनिवारी दहाला तो समोर नळ सोडतो आणि मी इकडे माडीवर. टबच्या काठावर बसतो. मुलाची फार आठवण येते.

समोरच्याचं लग्न ठरलंय. जूनमध्ये तो खरोखरच राहायला येणार. परवा दुकानात त्याची आई भेटली. मी 'मबरूक' म्हणालो, तर तिने माझा हात धरून विचारलं, "नळ किती वेळ सोडता तुम्ही?"

पाच मिनिटं पुरतात, मी म्हणालो. मला अर्धा तास लागतो, ते काही सांगितलं नाही.