कॅसेट संपली तिथपर्यंतचं गाणं

उरणकडच्या हळदीत आमच्या बाबांचं एक इंग्रजी गाणं लागतंच. गाणं तसं बाबांचं नाही, परदेशातल्या एका नावाजलेल्या बँडचं आहे. पण शब्द आमच्याकडे कुणालाच येत नाहीत. चाल तेवढी माहीत, तीही बाबांच्या बेंजोवरची. बोटीवर कामाला असलेल्या मामाने कधीतरी ते रेडिओवरून कॅसेटवर घेतलं होतं. गाणं मध्यावर आलं आणि कॅसेट संपली. बाबांनी तेवढंच बसवलं आणि तिथून पुन्हा सुरुवातीला वळायला लागले. आसपासच्या बेंजो पार्ट्यांनीही ते तसंच उचललं.

यंदा बाबांच्या बेंजो पार्टीचा मालक म्हणाला, "दादा, पोरांच्या मोबाईलवर आख्खं गाणं हाय. तसं वाजवा, न्हायतर मी बेंजो सोडून इलेक्ट्रिक पॅडवाला बघतो."

बाबा दिवसभर गोदामात कंटेनर रिकामे करतात. तरी घरी आल्यावर हातपाय धुऊन म्हणाले, "लाव बघू."

घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, म्हणून असली कामं माझ्याकडे. शोधताना वाचलं, की भारतात गाजलेलं त्या बँडचं हे शेवटचं गाणं. त्यांच्या स्वतःच्या देशात ते फारसं चाललंच नव्हतं. बाबांना सांगावं की नाही, कळेना. मग सांगितलं.

"मग पुढं काय केलं त्यांनी?"

"एकजण शाळेत शिकवतो म्हणे. बाकीच्यांचं कळलं नाही."

"हं. परत लाव."

पुढचा भाग अवघड होता. चाल खाली खाली उतरते, ठेका मोडतो. बाबांची बोटं सुजलेली असायची. मी शेजारी पुस्तक उघडून बसायचो, आणि दोघंही डुलक्या खायचो.

हळदीत त्यांनी आख्खं गाणं वाजवलं, कुठेही न चुकता. चाल सुरुवातीला वळते त्या नेहमीच्या जागी मांडवातल्या सगळ्यांनी हात वर करून गिरकी घेतली आणि चाल भलतीकडेच गेली. नाच थांबला. हळदीने माखलेली नवऱ्याची आत्या कमरेवर हात ठेवून ओरडली, "आरं भाव, आमाला सोडून कुठं चाललास?" मांडव हसला. बाबाही हसले आणि गाणं पहिल्यापासून धरलं. पुन्हा धुरळा उडाला.

मला वाटलं, आता बाबांना कोण काढतंय?

परतताना टेम्पोत मालक म्हणाला, "दादा, लोकांना तुमचंच पायजे, दिसलं मला. पण पॅडवर एकटा पोरगा चौघांचं काम करतो वो. तुमी येऊन त्या पोराला तुमची चाल तेवढी दाखवा."

"वाजवायला नको ना?"

"नको."

"मग येईन. रविवारी सांग."

बाबांनी बेंजो माझ्या मांडीवर ठेवला आणि फळीला डोकं टेकलं. ते खरंच झोपले की नुसते डोळे मिटून होते, मला कळलं नाही. खड्ड्यांतून जाताना तारा आपोआप वाजत होत्या. मी त्यांवर तळहात ठेवला.