फोल्डरचं नाव खरीपच

आमच्या दवनीवाड्याकडे हंगाम बदलला की तलावाच्या पाण्याच्या पाळ्यांची वही बदलते. जुनी वही सुतळीनं बांधून ठेवायची आणि नवीवर ‘उन्हाळी’ लिहायचं. मीही सवयीनं तेच केलं आणि तोंडावर आपटले.

वहीऐवजी मी खरिपात पाळ्यांच्या नोंदी एका शीटमध्ये ठेवल्या आणि त्यावरून यादी काढायला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. मागच्या हंगामात ज्याला पाणी शेवटी मिळालं, त्याची यंदा पहिली पाळी. नियम सगळ्या गावाचा, पण तलावाच्या गेटची चावी तलाव समितीच्या अध्यक्षांकडे, आणि यादी ते तोंडानं सांगायचे. नहराच्या टोकावरच्या आमच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, शेवटीच राहायच्या आणि उन्हाळी धान डोळ्यांदेखत वाळायचं.

"तुह्या डब्ब्यानं पाणी वाटते का वं?" अध्यक्ष काका भर सभेत हसले होते. "उद्या अकरा वाजेपर्यंत यादी आण. नाही तं मी सांगन तेच." माझं डोकंच फिरलं. आणतेच म्हटलं.

सकाळी लॅपटॉप उघडला. फोल्डरचं नाव ‘खरीप’ होतं, ते ‘उन्हाळी’ केलं आणि प्रोग्रॅम चालवला. एरर! शीट वाचायची लायब्ररीच नाही म्हणे. अरे, खरीपभर तूच वाचत होतास ना बाबा?

पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावला. "सगळं डिलीट कर, परत इन्स्टॉल कर. पाच मिनिटांचं काम." तिच्या पाच मिनिटांना आमचा टॉवर काय माहीत! डाउनलोड जरासं सरकलं आणि तिथंच बसलं. "मग सोड ना. तू इकडेच ये, तिथं काय ठेवलंय?" मी फोन कट केला. सोडायला मी काय इथं पाहुणी आहे?

"काऊन त्याचं डोकं खाऊन राहिली वं?" आईनं चहा ठेवत विचारलं.

"तेच माझं खाऊन राहिलं, माय."

चहा पिऊन मी डिस्क धुंडाळली. एकाच प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सापडल्या दोन! एक आज सकाळची, रिकामी. दुसरी जुनी, सगळ्या लायब्रऱ्यांनी भरलेली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. लायब्रऱ्या सांभाळणारं टूल प्रोजेक्टची ही वेगळी खोली फोल्डरच्या पत्त्यावरून ओळखतं. पत्ता बदलला, की नवं बिऱ्हाड समजून नवी रिकामी खोली देतं. तासभर मी त्याला शिव्या देत होते आणि घोळ माझ्याच हातचा.

फोल्डरला परत ‘खरीप’ केलं. यादी धडाधड आली. फक्त मथळा प्रोग्रॅम फोल्डरच्या नावावरून घेतो, म्हणून वर छापलं खरीप. तो बदलत बसायला वेळ नव्हता. तसाच कागद घेऊन सभेला निघाले. आईही मागोमाग आली.

काकांनी कागद पाहिला आणि मोठ्यानं हसले. "उन्हाळ्यात खरीप कायले? रद्द!"

"नाव खरीपचं आहे काका, पाळ्या उन्हाळ्याच्या. वाचा. एक जरी नियमाबाहेर निघाली, तर मीच फाडते."

त्यांनी वाचलं. मग परत वाचलं. मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "बराबर हाये का नाही, ते सांगा ना!"

"बराबर हाये," काका पुटपुटले.

पहिली पाळी टोकाची, म्हणजे आमची होती. सभेत कधी तोंड न उघडणारी माझी आई उठली, सगळ्यांच्या मधून पुढं गेली आणि काकांसमोर हात पसरला.

"मंग द्या गेटची चाबी."