रेमेदिनमावशीचा नोव्हेंबरातला तारा

रेमेदिनमावशीला विसर पडायला लागला, ही बातमी आमच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाखाडीवर सकाळच्या पावाबरोबरच आली. पुरावा भक्कम होता. नोव्हेंबर सरायचा होता, तुळशीचं लग्न लागायचं होतं, आणि मावशीच्या दारात नाताळचा तारा पेटलेला होता. दुपारपर्यंत बातमीला पाय फुटले. मावशीने म्हणे घर विकलं, वसईला लेकीकडे निघाली, म्हणून जाण्याआधी नाताळ उरकून घेते आहे. संध्याकाळी पाखाडीच्या वरच्या टोकाला पोचेपर्यंत ती लेकीचं नावसुद्धा विसरली होती.

यातलं तारा पेटला होता एवढंच खरं. तो वर चढवायला मीच होतो, म्हणून सांगतो. मावशीला काहीएक विसर पडलेला नाही. मी आठवीत गणितात किती दिवे लावले ते तिला अजून आठवतं, आणि नेमकं माझी बायको जवळ असली की आठवतं. मावशीची अडचण निराळीच होती. इद्रीसच्या बेकरीतली लाकडाची भट्टी महिनाअखेर पाडायची ठरली होती, आणि मावशीला आपला नाताळचा केक शेवटचा एकदा त्याच भट्टीत भाजून हवा होता.

आता केकचा आणि ताऱ्याचा संबंध काय, तर मावशीचा कायदा.

नाताळच्या आधी नऊ दिवस चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना असते. तिच्या पहिल्या सांजेला तारा लावायचा, दुसऱ्या दिवशी केकचा डबा भट्टीवर न्यायचा. त्याआधी घरात एक पताका दिसायची नाही. आधी तारा, मग डबा. तारा लागल्याशिवाय डब्याने उंबरा ओलांडायचा नाही. सासूने घालून दिलेली रीत. कारण विचारलं तर म्हणायची, ज्याच्यासाठी गोडाचं करायचं त्याला आधी वाट तरी दाखवा.

कायदा स्वतःपुरता ठेवील तर ती मावशी कसली. बाजारातल्या एका दुकानदाराने उरलेल्या फटाक्यांच्या शेजारीच सांताच्या टोप्या टांगल्या, तेव्हा त्याला विचारून आली, पोर पोटात असताना बारशाचे पेढे वाटतोस काय. वरच्या बिल्डिंगमधल्या अजिंक्यने डिसेंबर उजाडताच हौसेने झाड सजवलं. मावशी मुद्दाम बघायला गेली, चहा प्यायली, झाडाचं कौतुक केलं आणि निघताना चौकशी केली, "गेल्या वर्षीचं काढायचं राहिलं का हो?" मी एकदा दसऱ्यालाच कंदील लावून मोकळा झालो होतो. तर म्हणाली, तुला पंचांगवाल्याने वेगळं पंचांग छापून दिलंय वाटतं. फादरही सुटले नाहीत. चर्चच्या कमानीवर दिव्यांच्या माळा लवकर चढल्या त्या वर्षी ती मिस्सेची प्रार्थना संपल्यावर बाहेर उभी राहून एकेकाला विचारत होती की नाताळ पुढे आलाय ते आपल्याला कुणी कळवलं कसं नाही.

आमच्या कंदिलाचं आणि तिच्या ताऱ्याचं नातं मात्र जुनं. आमची आई दिवाळीचा कंदील उतरवला की त्याची बांबूची काठी आणि उरलेला पतंगाचा कागद दोन घरांमधल्या चिऱ्याच्या गडग्यावरून मावशीच्या हातात द्यायची. ताऱ्याचा कामट्यांचा सांगाडा मावशीच्या नवऱ्याने, कैतानमामांनी बांधलेला. मामा मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिनाचे ड्रायव्हर. हाताला कायम डिझेलचा वास, पण त्याच हातांनी कागद असा चिकटवायचे की एक सुरकुती दिसायची नाही. मैद्याची खळ मावशी शिजवायची, आम्ही पोरं निम्मी खायचो. आमचा कंदील हिरवा तर तिचा तारा हिरवा, आमचा लाल तर तिचा लाल. एका वर्षी बाबांनी हट्टाने जांभळा कागद आणला आणि सगळ्यांना वाटलं, आता मावशी ऐकवणार. पण नाताळच्या आधी फादर अंगावर जांभळंच घालतात, म्हणून तिने तो रंग गोड मानून घेतला. आता मी कंदील विकतचा आणतो, तरी ज्ञानेश्वरी, म्हणजे माझी बायको, मावशीसाठी पतंगाचा कागद आणायला चुकत नाही.

ती काठी खाली बंदरातून दिसते. मामांच्या बोटीवरचे महिपत तांडेल तारा दिसला की मोठी कोळंबी मावशीकडे पाठवतात. मामा गेले तरी त्यांनी ते सोडलेलं नाही.

आणि भट्टी. ती इद्रीसची असं म्हणायचं, पण होती सगळ्यांचीच. दिवाळीत आमची नानकटाई, रमजानात त्यांच्या घरातल्यांच्या बिस्किटांचे ट्रे, नाताळात मावशीचा डबा. अॅल्युमिनियमचा गोल, उंच डबा. एका अंगाला पोचा आलेला, कारण मामा एकदा त्याच्यासकट पाखाडीवरून घसरले होते. मामा डबा डोक्यावर घेऊन पुढे आणि आम्ही पोरं मागे, अशी वरात निघायची. इद्रीसचे अब्बा पावाच्या लाद्या बाहेर काढून झाल्या की लांब दांड्याच्या फावड्याने डबा डावीकडच्या कोपऱ्यात, निखाऱ्यांच्या जवळ सारायचे. त्यामुळे केक एका कडेला हमखास करपायचा. ती करपलेली कड मामांची. कडू लागते म्हणून आम्ही तोंड वाकडं करायचो, आणि मामा ती चहात बुडवून डोळे मिटून खायचे. मामा गेल्यापासून ती कड मावशी इद्रीसला पाठवते.

इद्रीसचा मुलगा हाशिम दुबईच्या बेकरीत काम करून परत आला आणि त्याने विजेचा ओव्हन मागवला. त्याचंही चुकत नव्हतं. लाकूड मिळत नाही, धुराने इद्रीसची छाती भरते, आणि लग्नसराईच्या आत नवीन काम सुरू व्हायला हवं. हे मावशीला कळलं त्या सकाळी मी पाव घ्यायला बेकरीत होतो, म्हणजे उभा होतो. पाव केव्हाच घेऊन झाले होते.

मावशी म्हणाली की नाताळपर्यंत थांब. इद्रीस म्हणाला की गवंडी महिनाअखेरचा सांगून झालाय, त्यानंतर तो दुसऱ्या कामावर जाणार. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मावशी, केक आत्ताच कर ना. तुझा केक महिनाभर टिकतो. भट्टी तुझ्यासाठी मोकळी ठेवतो."

"तारा लागल्याशिवाय डबा बाहेर पडत नाही, इद्रीस. तुला माहीत आहे."

"मग तारा लाव."

त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं. मावशी उलटी फिरली आणि पाव न घेताच गेली. त्या दिवसापासून तिच्याकडे तांदळाची भाकरी सुरू झाली. रोज सकाळी गडग्यापलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि जरा जास्तच जोरात यायचा. पाखाडीवर दोन तट पडले. काही म्हणाले, ओव्हनमध्ये कर की, केक तो केक. काही म्हणाले, डबा गुपचूप ने, कोण बघायला येतंय. मावशीला दोन्ही ऐकू जायचं, कारण दोन्ही बाजूंनी मीच बोलत होतो.

भट्टी पडायला थोडेच दिवस राहिले आणि एका दुपारी मावशी गडग्याशी आली. हातात ताऱ्याचा सांगाडा, कागद चिकटवलेला, खळ अजून ओली.

"अनिल, काठी दे."

मी म्हटलं, काठीवर आमचा कंदील आहे, तुळशीचं लग्न व्हायचंय. तिला ते ठाऊक होतं. मला गप्प बसवेना आणि मी विचारलं, या वर्षी नोव्हेना कधीपासून गो मावशी?

"काठी देतोस की तुझ्या आईला हाक मारू?"

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी मावशी हाक मारील आणि आई पदर खोचत बाहेर येईल असं वाटून मी मुकाट्याने दोरी सोडली. ज्ञानेश्वरीने तोडगा काढला की काठी मावशीच्या दारात नेऊ आणि एकाच काठीवर दोन्ही लावू. मी तारा वर बांधायला गेलो तर मावशीने अडवलं. तुमचा सण चालू आहे, म्हणाली, कंदील वर राहू दे, तारा खाली बांध. तुळशीचं लग्न लागलं की मग बघू. कायदा वाकवतानासुद्धा तिने त्याला दुसरा कायदा जोडला होता.

दिवा लागला तसा ती खाली उभी राहून बराच वेळ वर बघत राहिली. मग घाईघाईने आत गेली. मनुका भिजवलेल्या होत्या. त्या म्हणे दोन दिवस आधीपासूनच भिजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत तांडेलांची कोळंबी दारात हजर. सोबत निरोप, या वर्षी दिवस कसे भराभर गेले, कळलंच नाही. मावशीला ती परत पाठवता येईना. मग कोळंबी आमच्याकडे आली आणि आम्ही नाताळच्या नावाने नोव्हेंबरातच चापून जेवलो.

दुपारी डबा निघाला. या खेपेला माझ्या डोक्यावर. इद्रीसने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लाद्या काढल्या, निखारे सारले, डबा डावीकडच्या कोपऱ्यात सरकवला. मावशी बाहेर मैद्याच्या गोणीवर बसून होती. वास सुटायला लागला तसा हाशिमने आत डोकावून पाहिलं. एक बाजू जास्त लागते आहे, म्हणाला, आणि डबा फिरवायला त्याने फावडं उचललं.

"फिरवू नको," इद्रीस म्हणाला. "ती कड करपायलाच हवी."

हाशिमने बापाकडे पाहिलं, मग बाहेर बसलेल्या मावशीकडे, आणि फावडं भिंतीला टेकवलं. मावशीने ऐकलंच नाही असं दाखवलं. थोड्या वेळाने आत वळून म्हणाली की दोन पाव बांध रे. भाकरीचे दिवस संपले.

भट्टी ठरल्या दिवशी पडली. विटा पाखाडीच्या कडेला रचून ठेवल्यात, त्यांना अजून पावाचा वास येतो. हाशिम मावशीला म्हणाला, पुढच्या वर्षी ओव्हनमध्ये तुमची एक बाजू मुद्दाम करपवून देतो. तो देईलही. केक फडक्यात गुंडाळून मावशीच्या कपाटावर बसलाय आणि नाताळच्या आत त्याला सुरी लागणार नाही. मी तीनदा चौकशी करून आलो.

तुळशीचं लग्न लागलं, कंदील उतरला, तारा वर गेला. त्या संध्याकाळी पाखाडीवर बरीच मंडळी होती, अजिंक्यही होता. अशी संधी मी सोडतो होय? सगळ्यांच्या देखत विचारलं, मावशी, आम्हाला जन्मभर थांबवलंस आणि स्वतः नोव्हेंबरात तारा लावून बसलीस, आता कुठे गेला तुझा कायदा?

मावशी दोरीला गाठ मारत होती. ती पुरी मारून झाल्यावर म्हणाली, "तारा वेळेवरच लागलाय. या वर्षी नाताळच उशिरा येतोय, त्याला मी काय करू?"