पत्रिका, बुद्धी आणि माझी नोकरी

आमच्या सौसर गावच्या घरात देवघर होतं, पण चालायचं बाबांच्या बुद्धीचं. बाबा गणिताचे मास्तर. बुद्धीला पटेल तेच खरं, आणि ते सौसरात खरं तर शेजारच्या पांढुर्ण्यातही खरं, असं त्यांचं म्हणणं. याला आधुनिक तत्त्वज्ञान म्हणतात, हे मला नागपुरात एम.ए. करताना कळलं, तोवर मी त्याला बाबांचा हेका समजत होते. याच हेक्यापायी त्यांनी माझी पत्रिका कधी केली नाही.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास पांढुर्ण्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा इंग्रजीचा प्राध्यापक. मला नुकतीच रामाकोन्याच्या शाळेत नोकरी लागली होती, आणि ती मला काही केल्या सोडायची नव्हती. बाकी मुलगा काळा की गोरा, मला फरक पडत नव्हता.

पोहे आले आणि मुलाच्या आईने पत्रिका मागितली. बाबा म्हणाले, पत्रिका म्हणजे थोतांड. मुलगा खुर्चीत पुढे सरकला. थोतांड कसं? पत्रिका ही माणसांनी रचलेली एक गोष्ट, विज्ञान ही तशीच दुसरी गोष्ट. सगळ्यांना एकच सत्य लावणं हीच दादागिरी, म्हणाला. हे उत्तर-आधुनिक प्रकरण होतं, आमच्याकडे तेव्हा अगदी ताजं. बाबांनी विचारलं, दोन अधिक दोन चार हीही गोष्टच का. मुलगा हो म्हणाला. मग दोघे तासभर भांडले. त्या खोलीत तत्त्वज्ञानात एम.ए. झालेली मी एकटीच होते, आणि माझ्याकडे पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा वाढायचं काम होतं.

शेवटी कंटाळून त्याची आई मला म्हणाली, "पत्रिका राहू द्या. पण नोकरी तं सोडा लागन बाई."

मी मुलाकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "आईचं तिच्या जागी बरोबर आहे, तुमचं तुमच्या जागी." दोघी बरोबर म्हटलं की घरात चालणार आईचंच, म्हणजे निकाल तिच्या बाजूने. मी बाबांकडे पाहिलं. आता तरी बुद्धी काही बोलेल, असं मला खरंच वाटलं. बाबा पोह्यांत पाहत म्हणाले, "नोकरीचं काय, पाहून घेऊ मागून."

तासभर ज्यांचं दोन अधिक दोनावर जमलं नव्हतं, त्यांचं माझ्या नोकरीवर चटकन जमलं. मुलाचा मला राग आला नाही. बाबांचा आला, आणि रडूही आलं. मी तर्रीचं भांडं खाली ठेवलं.

"मी काही नोकरी सोडून नाही राहिली. मले हे स्थळ नको."

दोघे तत्त्ववेत्ते आपापल्या पोह्यांकडे वळले. का नको, हे मात्र दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.