मासळीच्या रक्ताचा डाग

एका पोरीची वही मी तिच्या डोळ्यांदेखत फाडली होती, आणि वर स्वतःला इंग्रजीची आदर्श शिक्षिका समजत होते. आता पनवेलच्या घराच्या गॅलरीत बसून माझ्यातल्या तेव्हाच्या त्या बाईला हसते. पंचविशीतली ती, कडक खळीची साडी, हातात स्टीलची पट्टी; आव असा, की इंग्रजी भाषा जणू हिनंच प्रसवली!

त्या आठवड्यात मी फळ्यावर शब्द मांडले होते. काही राहिलं नाही ते कम्प्लीट. काही चुकलं नाही ते परफेक्ट. शोधूनही खोट सापडत नाही ते फ्लॉलेस. डाग नाही ते स्पॉटलेस. मोडतोड झाली नाही ते इंटॅक्ट. गल्लत केली की बोटांच्या पेरांवर पट्टी, तीही उभी. एकीच्या नखाखाली रक्त साकळलं, तर मी म्हणाले, "आता विसरणार नाहीस." केवढी शूर!

वार्षिक परीक्षेआधी वहीवर माझा शेरा हवा, नाहीतर परीक्षेला बसायचं नाही. नियम माझाच. गव्हाणच्या कोळीवाड्यातली एक मुलगी वही घेऊन आली. सगळे धडे लिहिलेले, अक्षर सुबक. फक्त एका पानावर तांबूस डाग.

"हे काय गं?"

"बाई, सकाली म्हावरं कापताना रगत उरालं. पन लिवलंय समदं."

"मला स्पॉटलेस वही लागते!"

काडकन तिच्या कानशिलात वाजवली. ती रडली नाही, त्याचाच मला जास्त राग आला. वही उभी धरून टराटरा फाडली, तुकडे तिच्या तोंडावर फेकले. "उद्या वही नसेल तर परीक्षा विसर."

दुसऱ्या दिवशी ती आली. गालावर माझी बोटं अजून उमटलेली. तिनं वही टेबलावर ठेवली. तुकड्याला तुकडा भाताच्या खळीनं चिकटवलेला, पाठ जाळ्याच्या दोऱ्यानं शिवलेली. फाटलं जाळं सांधतात तशा घट्ट गाठी. मी पान न् पान तपासलं. एकही गळलं नव्हतं. डागाचं पानसुद्धा जागच्या जागी.

तरी माझा हात पट्टीकडे गेलाच. तिनं तो पाहिला, आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, पेरं वर, आणि म्हणाली,

"मारायचं तर मारा, बाई. वही कम्प्लीट हाय, मोजून घ्या. इंटॅक्ट नाय, पन ती मी नाय फारली."