उजेड लागलेला रोल

इंदापूरच्या स्टँडसमोर बिरदेव कोळेकरचा फोटो स्टुडिओ होता. तालुक्यातली निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेली होती, पण रविवारी हा माणूस दुकानात सापडायचा नाही. झुंजुमुंजू व्हायच्या आत एम-एटी गाडीला पिशवी अडकवायची आणि निरवांगीच्या पलीकडचं राखीव माळरान गाठायचं. वनखात्यानं त्या माळाला तारेचं कुंपण घालून पाटी लावली होती. लोक त्याला हरणाचं रान म्हणायचे.

खात्याची पाटी लागायच्या आधी त्याच माळावर बिरदेवच्या बापाची, सोनबाची, मेंढरं चरायची. मेंढरं विकून सोनबा दोन एकरांत स्थिरावला, पण माळ त्याच्या अंगातून गेला नव्हता. पोराला जनावरांच्या फोटोंचा नाद लागला तेव्हा शिकवायला तोच होता.

"वारं तोंडावर घेऊन बसायचं," सोनबा सांगायचा. "अन् जनावराकडं नीट टक लावून बघायचं न्हाय. आपण दुसऱ्याच कामाला आलोय असं दाखवायचं. मग ते जवळ येतंय."

बिरदेव तसाच बसायचा. हिवराच्या सावलीत, कुसळं टोचत, तीन-तीन तास. धाविक, चंडोल, कापशी घार ही पाखरं त्याला कॅमेऱ्यात मिळाली. एकदा लांडगा मिळाला, तोही पाठमोरा. पण त्याचा जीव जडला तो एका हरणीवर. तिचा डावा कान टोकापर्यंत फाटलेला होता. तीन वर्षं तो तिच्या मागं होता. आधी ती त्याला बघून माळाचं टोक गाठायची. पुढं पुढं मान वर करायची, बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. तिसऱ्या उन्हाळ्यात ती ओढ्यातल्या डबक्यावर पाडसाला घेऊन पाणी प्यायला आली आणि बिरदेवनं बटण दाबलं.

तो फोटो पुण्याच्या एका पेपरच्या रविवारच्या पानावर आला, खाली बिरदेवच्या नावासकट. वनरक्षक आप्पानं तो कापून आपल्या चौकीच्या भिंतीला डकवला. बिरदेवनं हातभर मोठी प्रत काढून दुकानाच्या काचेत लावली. चहाच्या गाड्यावरची माणसं उठून बघायला आली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी लग्नाच्या तारखेशिवाय काहीतरी विचारत होतं.

असंच एकदा विजयसिंह दुकानात आला. मानसिंगरावांचा थोरला मुलगा. मानसिंगराव मोठे बागायतदार, आणि बिरदेवचा गाळाही त्यांच्याच इमारतीत.

"झकास काढलायस गड्या," विजयसिंह फोटोपुढं उभा राहून म्हणाला. "एवढ्या जवळ येतात व्हय? आमाला तर लांबनं धूळ दिसती नुसती."

"जागा माहीत पाहिजे," बिरदेव म्हणाला.

"कुठली?"

बिरदेवला कुणी गप्प बसवलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हौसेनं सगळं सांगितलं. ओढ्याचं वळण, डबकं, कोणत्या बाजूनं उतरतात, किती वाजता येतात. विजयसिंहनं चहा मागवला आणि मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी सकाळी सातला आप्पा सायकल हाणत दुकानापाशी आला. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

"कॅमेरा घे. आमच्या फॉरेस्टच्या साहेबांनी पंचनाम्याला बोलावलंय. मीच तुझं नाव सांगितलं."

"काय झालं आप्पा?"

"चल तर आधी."

ओढ्याच्या वाळूत जीप रुतून बसली होती. मागच्या बाजूला तीन हरणं एकावर एक टाकलेली. रात्री बत्ती मारून गोळ्या घातल्या होत्या, पण जाताना चाकं वाळूत गेली आणि उजाडेपर्यंत निघाली नाहीत. आप्पानं एकट्यानं जीपमधल्या माणसांना तिथं धरून ठेवलं होतं, नुसत्या काठीवर. विजयसिंह बॉनेटवर बसून सिगारेट ओढत होता. बिरदेवला बघून त्यानं ओळखीचं हसून मान हलवली.

वरून दुसरी हरणी फाटक्या कानाची होती. सडांतून दूध गळून पोटाच्या केसांवर वाळलं होतं. पाडस कुठं दिसत नव्हतं. साहेब सांगत गेले तसं बिरदेव काढत गेला. जीपचा नंबर, सीटखालची बंदूक, काडतुसांची टरफलं, जनावरांच्या जखमा, आणि शेवटी जीपशेजारी विजयसिंह. रोलमधले छत्तीसच्या छत्तीस फोटो.

"उद्या निगेटिव्हसकट आणून दे," साहेब म्हणाले. "आमच्या बोलण्याला कोर्टात किंमत न्हाय. फोटोला हाय."

दुपारी त्यानं डार्करूममध्ये रोल धुतला. रोल सुरेख उतरला. चिमट्याला लावून वाळत घातला. उजेडासमोर धरला की काळ्या-पांढऱ्याची उलटापालट होऊनही विजयसिंहचा चेहरा ओळखू यायचा.

पाचच्या सुमाराला मानसिंगराव आले. एकटेच. बाकड्यावर बसले, घाम पुसला.

"पोरानं शेण खाल्लं," ते म्हणाले. "मी दोन थोबाडीत दिल्या. आता तू काय करतोस सांग."

"मी काय करणार मानसिंगराव? साहेबांनी निगेटिव्ह मागितल्यात."

"द्यायचं की. मी कुठं नगं म्हणतोय? फक्त ऐकलंय, धुताना कधी कधी उजेड लागतो म्हणं. रोल वाया जातो."

बिरदेवनं टेबलावरची पावत्यांची वही सरळ केली.

"सहा वर्षं झाली न्हवं तुला ह्या गाळ्यात? कधी मी खालीवर बोललो?" मानसिंगरावांचा आवाज अगदी मायेचा होता. "आमच्या भावकीतलं एकबी लगीन दुसऱ्याकडं गेलं न्हाय. अन् एक सांगतो, राग मानू नगंस. डबकं त्याला कुणी दाखवलं ते त्यो साहेबांपुढं बोलणार हुता. मीच गप्प केला."

 दमदाटी केली असती तर कदाचित बिरदेव ताठला असता. नंतर कितीतरी दिवस तो मनाशी हेच घोळवत राहिला. त्या वेळी मात्र तो उठला, आत गेला, चिमट्याचा रोल काढला आणि गुंडाळी करून मानसिंगरावांच्या हातात दिला. त्यांनी तो न बघताच खिशात टाकला, चष्म्याच्या डबीशेजारी.

साहेबांना द्यायला काहीतरी हवं होतं. बिरदेवनं कपाटातून नवा कोरा रोल घेतला, दारातल्या उन्हात सगळा ओढून काढला आणि मग आत जाऊन नेहमीसारखा धुतला. औषध मोजून, घड्याळ लावून. पट्टी टोकापासून टोकापर्यंत काळीकुट्ट निघाली. इतकं नेटकं काम त्याच्या हातून क्वचितच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती पट्टी खिडकीशी धरली, खाली ठेवली. "लागतो कधी कधी उजेड," एवढंच म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले की मानसिंगराव इथंही येऊन गेलेत हे बिरदेवला कळलं. रोल खराब झाल्याच्या जबाबावर त्यानं सही केली.

पुढं पंच फिरले, बंदूक दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाली, जीप सुटली. प्रकरण वर्षभरात विझलं. एकटा आप्पा शेवटपर्यंत सांगत राहिला की मी डोळ्यांनी बघितलंय. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्याची बदली घाटातल्या एका चौकीवर झाली, जिथं चार महिने धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही.

सोनबानं घरात एकदाच विषय काढला. जेवताना, ताटातून मान वर न करता.

"रोलला उजेड लागला म्हणं?"

"व्हय आबा."

"बारा वर्सं रोल धुतोयस, अन् पहिल्यांदाच," म्हातारा म्हणाला, ताटात पाणी ओतून उठला. त्यानंतर पोराला त्यानं माळाबद्दल काही विचारलं नाही, सांगितलंही नाही.

बदलीच्या गावाला जाताना आप्पा स्टँडवर भेटला. वळकटी, पत्र्याची पेटी आणि थकलेली बायको. बिरदेवला टाळून जाता आलं असतं, पण आप्पानंच हाक मारली. बिरदेवनं पेटी उचलून एसटीच्या टपावर चढवली, खाली उतरला आणि तोंड उघडायला गेला.

"आप्पा, त्या रोलचं—"

"गप रं," आप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नगंस. गावात लोक तुझ्याबद्दल नाय नाय ते बोलतात. मी एकेकाला सांगितलंय, बिरदेवला त्या हरणांचं वेड माझ्यापरीस जास्त हाय. त्यो असं करील व्हय? यंत्र हाय, बिघडतं. तुझा काय दोष?"

कंडक्टरनं घंटी मारली. आप्पा चढला, खिडकीत बसला, बायकोला नीट जागा करून दिली. बिरदेव खाली उभाच होता. खरं सांगायला अजून वेळ होता, गाडी वळायची होती, आणि स्टँडच्या फाटकाशी ती थांबलीही. तिथंही तो दोन पावलं पुढं गेला. मग त्यानं हात वर केला, आणि आप्पानंही खिडकीतून हात हलवला.